निळ्या दुधाचे महाराज

दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. कडेवर, मांडीवर, खांद्यावर बाळंच बाळं, आणि सगळ्यांनी एकदमच भोकाड पसरलेलं. तरी दूधमहाराजांचा आवाज खणखणीत ऐकू येत होता, कारण त्यांच्यापुढे माइक होता.

"पांढरं दिसतं, काळं असतं! माउली पाजते, विष शिरतं!"

पडद्याआड जाऊन एकेक बाई महाराजांच्या वाटीत थोडं दूध काढून आणायची. महाराज त्यात 'सत्यजला'चे दोन थेंब टाकायचे, की दूध निळं! बायका "अगं बाई!" म्हणेपर्यंत ते डोळे मिटून पुटपुटायचे आणि 'अमृतजल' ओतायचे, की पुन्हा पांढरंशुभ्र! मग आज्ञा व्हायची: बाळाला रोज अमृतजलाचा चमचा द्या, आणि डॉक्टरांच्या गोळ्या या हंड्यात टाका.

"बघितलंस?" सासूने सुनेला कोपराने ढोसलं. सुनेच्या गोळ्यांची डबी सासूने आल्याआल्याच हंड्यात टाकली होती.

सून इस्पितळाच्या धुलाईखोलीत कामाला होती. पोटुशी असताना तिला एचआयव्ही असल्याचं कळलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "रोजची गोळी चुकवायची नाही. बाळाला त्याचं औषध द्यायचं. आणि सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही." लेक आता तीन महिन्यांची होती आणि तिची पहिली तपासणी चांगली आली होती. पण सासूच्या गळी ते उतरेना. दुष्ट नव्हती ती, नातीच्या जिवाला घाबरली होती.

सुनेची पाळी आली. दूध निळं झालं तेव्हा तिच्याही काळजात चर्र झालं. आपणच पोरीला विष पाजलं की काय!

मग तिला तो निळा रंग ओळखीचा वाटला. खळ घातलेल्या कडक कोटावर जखमेचं आयोडीन सांडलं की अस्साच डाग पडतो. असे डाग तिने शेकड्याने काढले होते, तेही लिंबू चोळून. तिने अमृतजलात बोट बुडवून चाटलं. आंबट!

"महाराज, वाटी धुऊन पुन्हा करून दाखवता?"

महाराजांचा चेहरा उतरला. सासूने आल्याआल्या कानात सांगितलेलं ते माइकमध्येच ओरडले, "दूर व्हा हिच्यापासून! हिला एचआयव्ही आहे!"

शेजारची बाई जरा सरकून बसली. सुनेचे कान तापले, पण ती मागे हटली नाही.

"आहे. म्हणूनच गोळी घेते." तिने महाराजांची दुसरी कोरडी वाटी उचलली, आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी त्यात ओतलं आणि वर सत्यजल टाकलं. पाणी निळंशार! "आता या पाण्याला कोणता रोग झालाय, तेवढं सांगा."

आधी कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल. सुनेने एक वाटी स्वच्छ घासून आणली, पडद्याआड जाऊन तीत दूध काढलं आणि सत्यजल टाकलं. ते जरासं पिवळट झालं, निळं काही होईना.

"वाटीला आतून खळ फासलीय. सत्यजल म्हणजे आयोडीन, अमृतजल म्हणजे लिंबाचं पाणी. आणि हे लिंबूपाणी तुम्ही तान्ह्या पोरांना पाजणार? बायांनो, कुणी चमत्कार दाखवला तर आधी वाटी धुऊन बघा. आणि औषधाची शंका आली तर डॉक्टरांना विचारा, माइकवाल्याला नको!"

महाराजांनी मागचा जिना गाठला होता. तेवढ्यात सुनेच्या मोबाइलचा गजर वाजला. सकाळचे अकरा, गोळीची वेळ. सासूने कोपरापर्यंत हात हंड्यात घातला, चाचपून डबी बाहेर काढली आणि पदराने पुसली. तिचे डोळे भरले होते.

"आधी गोळी घे," ती म्हणाली, "मग पोरीला पाज. केव्हाची भुकेली आहे."