बिनखिशाचे सदरे

दुकानात एकवीस राखाडी सदरे होते; वीस टेबलावर घडी घातलेले, एक अजून मशीनवर. सगळ्यांना शिंपीमास्तरांनी छातीवर खिसा लावला होता, आणि मागणी नेमकी बिनखिशाच्या सदऱ्यांची होती.

दोन पुरुषांचं प्रेम गुन्हा ठरवणारा कायदा रद्द झाला, त्याला उद्या दहा वर्षं होणार होती. त्या कायद्याखाली तुरुंगात गेलेल्यांना असा बिनखिशाचा सदरा घालावा लागे. त्यांच्या आठवणीत दरवर्षी काही माणसं तो घालून चौकातून चालत. यंदा मास्तरांचा धाकटा भाऊही चालणार होता.

सकाळपासून दोनदा फोन आला होता. आवाज अगदी गोड. "सदरे शिवा खुशाल, मास्तर. दुकानाची काच जाड आहे ना?" समोर एक मोटारसायकल इंजिन चालू ठेवून उभी होती.

सदरे न्यायला काका आले. निवृत्त ग्रंथपाल, तरुणपणी याच कायद्याने तुरुंगात गेलेले. त्यांनी एक सदरा उचलून खिशावर अंगठा फिरवला.

"हे काय, मास्तर?"

"साधा सदरा वाटेल, काका. कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. आमचा धाकटा आहे हो त्यात!"

"दादा, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" बटणं लावता लावता धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस! हाडं मोडून आलास की निस्तरायचं कुणी?"

काका खुर्चीत टेकले. "चिठ्ठी नको, फोटो नको, आपलं माणूस जवळ नको, म्हणून आत आम्हाला खिसा नव्हता. सुटून आलो तर माझा भाऊ म्हणाला, घरात राहा, पण कुणाला कळू देऊ नकोस. त्याचाही जीव होता हो माझ्यावर. तुरुंगातून दोन वर्षांत सुटलो, मास्तर. त्या घरातून सुटायला तीस लागली."

मास्तरांनी काकांच्या हातातला सदरा घेतला. अरे, फोनवरच्या माणसाला जे हवं होतं, तेच आपण सुईदोऱ्याने करत बसलो होतो की! त्यांनी ब्लेड घेतलं आणि पहिल्या खिशाची शिवण उसवली.

मंडळी, कायदा सरकार बदलतं. घरातली भीती घरच्यांनाच काढावी लागते. आपल्या माणसाला लपवून आपण त्याला वाचवत नाही, एकटं पाडतो.

बाहेर आता तीन मोटारसायकली झाल्या होत्या. मास्तरांनी तिकडे एकदा पाहिलं, मग गळ्यातली टेप काढून धाकट्याच्या हातात दिली आणि दोन्ही हात बाजूला केले.

"अजून एक शिवायचाय. घे माझं माप."

धाकट्याने टेप फिरवली.

"छाती एकेचाळीस, दादा."