चढाला दमलेली केबल

मित्रांनो, खिळ्याला वेटोळं घालून टांगलेली ही काळी, जाड केबल म्हणजे मी. एका कॉम्प्युटरमधल्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरपर्यंत नेणं, हे माझं काम होतं. त्या फाइलींत काय असायचं, ते मला कधीच कळलं नाही. या टोकाला आलेली थरथर त्या टोकाला पोचवायची, एवढंच मला ठाऊक.

आत तांब्याची तार, तिच्याभोवती प्लास्टिक, त्यावर जाळी आणि वरून काळं आवरण, असं मला घडवलं गेलं. तरुणपण फलटणकडच्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसात गेलं. हंगामात मला उसंत नसे. पुढे तिथे नव्या तारा आल्या आणि मी अडगळीत पडले. तिथल्या जोतीराम वायरमनने साहेबांना विचारून मला उचललं आणि सांगलीला, आपल्या मित्राच्या, अनीशच्या घरी आणलं.

"जुनी हाय, पण लय दणकट हाय गड्या," तो म्हणाला. मी मनातून फुलले.

तेव्हा नव्याण्णव साल चालू होतं. अनीशच्या घरी खालच्या खोलीत जुना कॉम्प्युटर होता आणि माडीवर नवा. जिन्याच्या कठड्यावरून मला वर नेलं. खालच्या कॉम्प्युटरमध्ये अनीशच्या वडिलांनी, विष्णुपंतांनी सांगितलेल्या गोष्टी होत्या. विष्णुपंत कवठे महांकाळच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. त्यांच्या घशाचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं, आणि नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सून श्रद्धा गरोदर होती. येणाऱ्या नातवंडासाठी म्हणून विष्णुपंत ऑपरेशनच्या आधी माइकपुढे बसले आणि आठवतील तेवढ्या गोष्टी सांगून मोकळे झाले. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

त्या गोष्टी आता माडीवरच्या नव्या कॉम्प्युटरवर न्यायच्या होत्या. एकेक गोष्ट फ्लॉपीत मावेना, म्हणून सगळी भिस्त माझ्यावर.

आणि इथेच माझं डोकं चक्रावलं. फाइल चालली आहे हे दाखवणारे चित्रातले कागद पडद्यावर उडायला लागले. उरलेला वेळ आधी दहा मिनिटं दिसला, मग दोन तास, मग पुन्हा वीस मिनिटं. अनीशने घड्याळ लावून तुलना केली. वरून एक मोठी फाइल खाली पाठवली, ती भुर्रकन गेली. तेवढीच मोठी गोष्ट खालून वर पाठवली, तर ती गोगलगाईसारखी सरकायला लागली. मी तीच, जिना तोच. मग उतरताना धावणारी मी चढताना का थांबत होते? मित्रांनो, मला खरंच उमगत नव्हतं.

अनीशने जोतीरामला बोलावलं. त्याने मला दोन्ही टोकांना चाचपलं.

"उसाच्या ट्रॅक्टरवानी चढाला दमती रं ही!" तो हसला. मग गंभीर झाला. "वय झालं गड्या तिचं. नवी आण, ही टाकून दे."

"मला वाटलंच होतं," अनीश म्हणाला.

परवाची दणकट मी आज टाकाऊ झाले. दोष माझाच असेल, असं मलाही वाटू लागलं.

इतका वेळ विष्णुपंत खालच्या कॉम्प्युटरला कान लावून बसले होते. ते एकदम उठले आणि त्यांनी माझं टोक खस्सकन उपसलं.

"बाबा, काढू नका ते!" अनीश ओरडला.

"रागावलेत ते," श्रद्धा म्हणाली. "अहो, राहू दे आज."

विष्णुपंतांनी जोरजोरात मान हलवली. एका हातात मला उंच धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावरच्या एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात नेलं. कुणाला काही कळेना. त्यांनी पुन्हा तेच केलं. अखेर श्रद्धाच्या ध्यानात आलं.

"बाबा म्हणताहेत, केबलशिवाय करून बघा. याच कॉम्प्युटरमध्ये इकडची गोष्ट तिकडे."

अनीशने तसं केलं. कागद तसेच रखडले. आणि सगळे गप्प झाल्यावर कॉम्प्युटरच्या पोटातून येणारी कटकट ऐकू आली.

"आयला!" जोतीराम म्हणाला. "केबल न्हाई, हार्डडिस्कच मरायला लागलीया. नवं लिवून घेती, पन जुनं वाचून देताना अडकती. गोष्टी त्येच्यातच हायत! लाव, लाव ती परत!"

मला घाईघाईने जोडलं. एकेक गोष्ट रखडत, ठेचकाळत माझ्यातून वर गेली. वरून श्रद्धा "आली!" म्हणून हाक द्यायची आणि विष्णुपंत डोळे पुसायचे. शेवटच्या गोष्टीला मात्र कटकट वाढली आणि थांबली. ती डिस्क पुन्हा जागी झालीच नाही. त्या गोष्टीचा अर्धाच भाग वर पोचला.

पुढे श्रद्धाला मुलगी झाली, स्वानंदी. ती थोडी मोठी झाल्यावर आजोबांच्या मांडीवर बसून आजोबांचाच आवाज ऐकायची. एकदा ती अर्धी गोष्ट लागली. धनगर ओढ्यापाशी आला, आणि आवाज तुटला.

"मग काय झालं?" तिने आजोबांना विचारलं.

विष्णुपंतांचे ओठ हलले. आवाज नव्हता. तेव्हा अनीश जवळ येऊन बसला. "मला सांगितलीय बाबांनी, लहानपणी," तो म्हणाला आणि अडखळत पुढची गोष्ट सांगू लागला. तो चुकला की विष्णुपंत त्याच्या गुडघ्यावर चापट मारायचे.

आता माझं काम नवी तार करते. माझी तक्रार नाही. मित्रांनो, कुणी संथ झालं तर दुखतंय कुणाला, ते आधी तपासा. आणि आपल्या माणसांच्या गोष्टी कधी एकाच ठिकाणी ठेवू नका. थोड्या स्वतःच्या तोंडी असू द्या.