ज्वारीतली सीडी आणि एक अर्धा चेहरा

मित्रांनो, कॉम्प्युटर तुम्हाला माहीत आहे, त्याचा पडदाही माहीत आहे. पण डब्याच्या पोटात बसून त्या पडद्याला रंग पुरवणारा कोण, हे कोणी विचारत नाही. तो मी. मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. सध्या तिवस्याच्या एका फोटो स्टुडिओत, टेबलाच्या खणात पडून आठवणी काढत असतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतो तो अमरावतीहून एसटीत, स्टुडिओवाल्या कुर्बानभाईंच्या मांडीवर केलेला प्रवास. खोक्यात माझ्यासोबत एक सीडी होती आणि सीडीत माझा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे माझा दुभाष्या. कॉम्प्युटर काय म्हणतो ते तोच मला समजावून देतो. तो नसला की मी ठार अडाणी.

काय दिवस होते ते! लग्नसराईत नवरानवरीच्या मागं मी बर्फाचे डोंगर उभे करत असे आणि बाहेर तिवस्याचं ऊन रटरटत असे. लोक पडद्यावर पाहून खूश होत. शाबासकी कुर्बानभाईंना मिळे, पण मी मनातल्या मनात वाटा घेऊन टाकत असे. पुढं कापसानं दगा दिला आणि सलग काही वर्षं गावांची रयाच गेली. पत्रिका छापायला येणारे कमी झाले, हार घालायला फोटो मोठा करून मागणारे वाढले. ते काम मला आवडत नव्हतं, तरी मी ते मन लावून केलं.

एकदा जवळच्या खेड्यातल्या गोदाबाई आल्या. त्यांचे यजमान शालिकराम तापानं गेले होते. बरसी, म्हणजे वर्षश्राद्ध, पंधरा दिवसांवर आली होती आणि त्यांचा एकच फोटो सापडला होता. एका लग्नातल्या घोळक्यात बोटाच्या पेराएवढा चेहरा, त्यातलीही डावी बाजू वाळवीनं खाल्लेली. पण शालिकराम कुर्बानभाईंचे जुने दोस्त. दर बाजाराला दोघं सोबत चहा प्यायचे.

"अर्धा मी आठवून काढतो, वहिनी," कुर्बानभाई म्हणाले. "भुवईवरचा बैलाच्या शिंगाचा वणबी मले याद आहे."

हे काम अमरावतीचा कोणताही मोठा स्टुडिओ करू शकला नसता. शालिकरामांना तिथं कोणी पाहिलेलंच नव्हतं.

चेहऱ्याचं काम सुरू झालं आणि त्याच आठवड्यात गजाला सुट्टीवर आली. ही कुर्बानभाईंची मुलगी, अमरावतीला कॉम्प्युटर शिकणारी, हुशार आणि घाईची. "अब्बा, किती दिवस हे जुनं चालवून राहाल?" असं म्हणून तिनं फोटोंना हात न लावता नवी सिस्टीम टाकायला घेतली. ती टाकली जात असतानाच गोदाबाईंचे दीर भगवंतराव दारात आले.

"पोरी, खराब सीड्या असतीन तं दे. ज्वारीवर पाखरं तुटून पडून राहिले. चमकलं की भेतात."

"घेऊन जा न काका. नव्या सिस्टीममधे सारं आतच असते," गजाला म्हणाली आणि कपाटातल्या चाळीसेक सीड्यांची चळत तिनं त्यांच्या थैलीत टाकली. माझी सीडी त्यातच गेली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो!

नवी सिस्टीम उघडली तेव्हा मला तिचं अक्षरही कळेना. पडद्यावर सगळं अवाढव्य आणि ओबडधोबड झालं, आणि माझ्या हाती उरले जेमतेम सोळा रंग. शालिकरामांचा चेहरा गोधडीच्या ठिगळांसारखा दिसू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गजालानं अमरावतीला जाऊन नेटवर शोधलं. नव्या सिस्टीमसाठी माझा ड्रायव्हर कंपनीनं बनवलाच नव्हता आणि जुनाही काढून टाकला होता. आता एकच उपाय होता, जुनी सिस्टीम आणि जुनी सीडी.

कुर्बानभाई तिला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, माणूस तं गेला. आता त्याचा चेहराबी जाऊ द्याचा का?"

गजाला रडतच भगवंतरावांच्या शेतात गेली. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं. काठ्याकाठ्यांना सीड्या टांगलेल्या होत्या आणि वाऱ्यावर गरगरत होत्या. त्यांच्यावरची नावं उन्हानं आणि दवानं पुसून गेली होती. त्यातली माझी कोणती, हे सांगता येईना.

"साऱ्याच ने," भगवंतराव म्हणाले.

"पण काका, पाखरं?"

"खातीन ते खातीन. मले माहा भाऊ पाह्यजे."

त्या वर्षी घरात येणार होती ती तेवढीच ज्वारी. तरी त्यांनी स्वतःच्या हातानं एकूण एक सीडी सोडून दिली आणि गोफण घेऊन दिवसभर मचाणावर उभे राहिले.

गजालानं खणात राहिलेल्या सीडीवरून जुनी सिस्टीम पुन्हा टाकली आणि ओढणीनं पुसून एकेक सीडी लावून पाहिली. सत्ताविसावी माझी निघाली. धुळीनं चरे पडले होते, दोनदा अडकली, तिसऱ्यांदा चालली. ड्रायव्हर आला आणि माझे सगळे रंग एकदम परत आले. मित्रांनो, तो आनंद मला सांगता येत नाही. मग कुर्बानभाईंनी उरलेला चेहरा आठवून आठवून पूर्ण केला.

बरसीच्या आदल्या दुपारी गोदाबाई आल्या. भारनियमनाची वेळ, लाइन जायला दहा मिनिटं उरली होती. मी होतं नव्हतं ते बळ लावून पडदा उजळला. पूर्ण चेहरा, भुवईवर वण, ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू. गोदाबाईंचा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"काहून पाहून राहिले जी असे?" त्या पडद्याला म्हणाल्या.

कुर्बानभाईंनी तोंड फिरवलं. गजाला बाहेर निघून गेली.

त्यानंतर तीन वर्षं मी काम केलं. मग नवा कॉम्प्युटर आला आणि मी या खणात आलो. माझी तक्रार नाही. मित्रांनो, नवं जरूर आणा, गजालासारखे हुशार व्हा. फक्त जुनं हलवण्याआधी घडीभर थांबून घरात विचारा, याच्यावर कोणाचं काही अडलं आहे का? कदाचित कोणाचा तरी चेहरा अजून अर्धाच झालेला असेल.