ढोबळी मिरचीला गाणं

माझी नणंद माझ्या डोक्यात जाते, हे आधीच सांगून टाकते. मला समजवायला कुणी येऊ नये. गाण्याची शिक्षिका होती. निवृत्त झाली आणि तंबोऱ्यासकट भावाकडे, म्हणजे आमच्या उरावर, येऊन बसली. आमची रोपवाटिका आहे. बाकी सगळं उघड्यावर, काचघर एकच. थंडीत नाजूक रोपं जगवायची तर तेवढाच आधार. बाईसाहेबांना रियाजाला नेमकं तेच हवं झालं.

"घरात आवाज कोंडतो," ती म्हणाली. "आणि वहिनी, शास्त्रीय संगीताचा रोपांवर परिणाम होतो."

"मग खतवाल्यांनी उद्यापासून तंबोरेच विकावेत," मी म्हटलं.

नवरा कपात बघत बसला. बहीण आणि बायकोच्या मधे पडायचं नाही, एवढी अक्कल त्याला जन्मजात आहे.

शब्दाने शब्द वाढला आणि मी बोलून गेले की एकदाचा निकाल लागू दे. काचघराचे दोन भाग आहेत, मधे काचेची भिंत. आतल्या भागात ती गाणार, तिथे निम्मी ढोबळी मिरची. बाहेरच्या दारालगत निम्मी, गाण्याविना. बी एकाच पाकिटातलं, माती एकाच ढिगातली, पाणी नवरा घालणार. तिची रोपं सरस निघाली तर काचघराची किल्ली तिची. माझी निघाली तर तंबोरा माळ्यावर. दारालगतची जागा मीच मागून घेतली, उजेड जास्त म्हणून.

ही बाई लबाडी करणार, याची मला खात्रीच होती. पदराआड खताची पुडी नेत असणार. म्हणून रोज सकाळी तिचा आवाज लागला की मी हातातलं काम टाकून तिला रंगेहाथ पकडायला जायचे. दार करकरतं, म्हणून ते उघडंच धरून उंबऱ्यात, कुंड्यांच्या उतरंडीआड उभी राहायचे. बाहेर दात वाजतील अशी थंडी, एका हाताने शाल गळ्याशी आवळलेली. आत ती डोळे मिटून गात असायची. आत्ता पुडी काढेल, मग काढेल, असं करत मी गाणं संपेपर्यंत तिथेच. काचेपलीकडून पुसटच यायचं, पण आवाज चांगला आहे मेलीचा. खालून चढत चढत एका सुरावर ती थांबली की माझा पाय निघायचा नाही. त्याचाही मला संताप यायचा.

निकालाच्या दिवशी तिची रोपं हिरवीगार, टपोऱ्या पानांची. माझी खुरटलेली, पानं मुडपलेली, कडा काळ्या पडलेल्या.

"यांना गार वारा बाधलाय," नवरा म्हणाला. "दार उघडं राहत होतं का गं?"

मला ते बघताक्षणीच कळलं होतं. पण दाराचं नाव काढलं असतं तर ते कुणी धरलं होतं, हेही सांगावं लागलं असतं. मी काळी पडलेली पानं खुडायला लागले. तो बिजागरी बघायला बाहेर गेला.

"डोळे किलकिले केले की तुमची लाल शाल मला पहिल्या दिवसापासून दिसत होती," नणंद शांतपणे म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? मी याच रोपवाटिकेत वाढलेय, वहिनी. गार वाऱ्याने मिरची बसते, हे मला कळतं. कुठल्या सुरावर तुमच्या हातातली शाल सुटते, तेही कळलं होतं. तो सूर मी पुन्हा पुन्हा घेत राहिले."

म्हणजे हिने गाऊन माझी रोपं मारली होती, आणि मी तिथे उभी राहून ऐकलं होतं. मी किल्ली तिच्या पुढ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उघड्यावर उरलेल्या रोपांवर प्लॅस्टिक ताणत होते. नवऱ्याने बिजागरीला तेल घातलं होतं, दार आता करकरत नाही. तिने ते आतून लावून घेतलं. थोडा वेळ मी दम धरला. मग प्लॅस्टिक तसंच टाकून गेले आणि गार काचेला कान लावला.

ती गात होती. मला ऐकू येऊ नये इतकं हळू, आणि तेही मुद्दाम.