गाळलेले पाच शब्द

सराव शिबिराच्या पहिल्या दिवशी, मैदानावर पाय ठेवण्याआधी, डोक्याची परीक्षा असते. संगणकावर बारा शब्द दिसतात, थोड्या वेळाने ते आठवून रकान्यांत लिहायचे. हंगामात डोक्याला मार बसला की हीच परीक्षा पुन्हा होते, आणि आजच्यापेक्षा गुण कमी पडले तर खेळाडू मैदानाबाहेर.

डेमेट्रिक हॉलोवे सातव्यांदा परीक्षेला बसला होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पोटाशी कवटाळून समोरच्या भिंतीएवढ्या माणसांत घुसायचं हे त्याचं काम. या कामात तिशी म्हणजे म्हातारपण, आणि त्याला एकोणतिसावं लागलं होतं.

पहिल्या वर्षी ओटिस या जुन्या गड्याने त्याला कानमंत्र दिला होता.

"उद्या हुशारी पाजळू नकोस, पोरा. पाच शब्द गाळ. उद्या मठ्ठ ठरलास, तर ऐन हंगामात, नोव्हेंबरात, तुला कोणी बाहेर बसवत नाही."

"आणि खरंच डोक्याला लागलं तर?"

"तर तुला कळेलच की."

डेमेट्रिकने सहा वर्षं इमानेइतबारे पाच शब्द गाळले. लबाडीत इमान कसलं म्हणा. बाहेर आल्यावर गाळलेले पाचही ओटिसला म्हणून दाखवायचे आणि दोघांनी पोट धरून हसायचं, हा त्यांचा रिवाज. ओटिस आता खेळत नव्हता, शिकवत होता, पण रिवाज चालूच होता.

यंदा मात्र डेमेट्रिकला हसू येत नव्हतं. मार्चमध्ये तो मुलीला शाळेतून आणायला निघाला आणि जुन्या घराच्या दारात किल्ली फिरवत उभा राहिला. ते घर विकून तीन वर्षं झाली होती. बायको, शनीस, त्याच्यावर ओरडली नाही, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

"यंदा खरी परीक्षा दे," ती एवढंच म्हणाली.

"गुण जास्त आले तर एका धडकेत बाहेर बसवतील."

"बसवू देत. काय ते कळू दे मला. तुलाही."

म्हणून आज त्याने जीव ओतला. एकेक शब्द ओठांतल्या ओठांत घोळवला, बाराही रकाने भरले. एकही सुटला नाही, याची त्याला खात्री होती. शनीसला काय सांगायचं तेही त्याने मनात जुळवलं.

वैद्यकीय खोलीतल्या मिस कॅरल निकाल पाहून हसल्या. "बारापैकी सात. सात वर्षं तेच, बाबा. या वेळी रकाने तरी सगळे भरलेस."

"पुन्हा एकदा बघता का?"

"पाच चुकलेत. तुझं नेहमीचंच आहे, काळजी करू नकोस." त्यांनी खेळण्याच्या परवानगीवर सही केली.

मग ते पाच शब्द त्याने आणले कुठून? विचारायचं तर सहा वर्षांची लबाडी आधी कबूल करावी लागणार, आणि करार तिथेच संपणार. त्याने कागद घेतला.

ओटिस दारातच उभा होता. "बोल, यंदा कुठले पाच?"

डेमेट्रिकने आठवून पाहिलं. पाच सोडाच, बारातला एकही हाती लागेना.

"सांग की."

"सराव झाला की सांगतो."

ओटिस सवयीने एकटाच हसला. मग पहिल्यांदाच विचारावं तसं त्याने विचारलं, "बोल, यंदा कुठले पाच?"

डेमेट्रिक त्याच्याकडे बघतच राहिला. मैदानावर शिट्टी झाली. त्याने हेल्मेट चढवलं, चेंडू पोटाशी घेतला आणि डोकं खाली घालून घुसला.