रांगेतला शेवटचा व्हिडिओ

त्या दिवशी माझ्या मालकांनी दुकानातल्या पडद्याआड जाऊन शर्टावर शर्ट बदलले. मित्रांनो, मी त्यांचा जुना मोबाइल. त्यांचं दुकान बॅगा दुरुस्त करण्याचं. काउंटरवरच्या लोखंडी चिमट्यात मला घट्ट आवळलं आहे. चार्जरची वायर कुणी काढत नाही, कारण काढली की मी विझतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी फार देखणा होतो. मालकांच्या मुलीने हौसेने मला घेतलं. ती परगावी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. नवा फोन आल्यावर तिने मला वडिलांना दिलं. पुढे दुकान थंडावलं. चाक तुटलं की लोक बॅगच फेकू लागले. तेव्हा ती रजा टाकून आली आणि तिने दुकानाचं पान समाजमाध्यमावर सुरू केलं.

पानाला जोडायचे ॲड-ऑन ढिगाने होते. मालकांना सगळेच हवे होते, अगदी चमचमणारी अक्षरंसुद्धा.

"बाबा, बॅगेला दहा खिसे लावले तर किल्ली सापडेल का?" मुलगी म्हणाली.

"माझंच वाक्य मला ऐकव तू!"

शेवटी दोनच घेतले. एक, कुणी काही लिहिलं की आपोआप उत्तर देणारा. दुसरा, व्हिडिओ रांगेत लावून ठेवले की दररोज एक पानावर टाकणारा. म्हणून तर शर्ट बदलणं चाललं होतं. सगळे व्हिडिओ एका बैठकीत काढायचे, पण दिसायला हवेत निरनिराळ्या दिवसांचे.

"हा निळा मघाशी झाला, बाबा."

"मग कॉलर वर करतो. कोणाला कळतंय?"

"कॉलर वर करून बॅगा शिवणारे तुम्ही जगात पहिलेच."

दोघंही इतकी हसली की तो व्हिडिओ पुन्हा काढावा लागला. शेवटच्या व्हिडिओत मालक सुई, दाभण बाजूला ठेवून ताठ बसले. म्हणाले, "मंडळी, यापुढे हे दुकान माझी लेक सांभाळणार." मग माझ्यामागे उभ्या मुलीकडे बघून त्यांनी विचारलं, "बरं झालं ना?"

"आवाज स्वच्छ आलाय," ती म्हणाली.

त्या रात्री मालक झोपेतच गेले.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी ते माझ्या पडद्यावर आले. हिरव्या शर्टात, अडकलेली चेन सोडवायची कशी ते समजावत. कुणी लिहिलं, 'काका, तरुण दिसताय!' मी तत्काळ उत्तर दिलं, 'धन्यवाद! दुकान उघडं आहे, नक्की या.' मित्रांनो, मला गप्प बसायचं होतं. पण मला गप्प बसता येत नव्हतं.

मालक रोज येत राहिले आणि त्यांना बघून गिऱ्हाईकं येत राहिली. माझं भारी कौतुक झालं. मुलीने रजा वाढवली, मग पुन्हा वाढवली. बॅगा यायच्या, बऱ्या व्हायच्या, प्रवासाला निघून जायच्या. आम्ही दोघं तिथेच, मी चिमट्यात आणि ती टेबलामागे. सतत चार्ज होऊन बॅटरी सुजली आणि माझी पाठ फुगू लागली. तिच्या बोटांना सुया टोचल्याच्या खुणा झाल्या. प्रयोगशाळेतून विचारणा होत होती, येणार की नाही?

एकदा तिची आत्या आली. मला बघून तिने तोंड फिरवलं.

"बंद कर की हे. दादा रोज नवा शर्ट घालून येतो. मला नाही बघवत."

"बंद केलं तर उद्या दिसणार नाहीत, आत्या."

"आणि तू कुठे दिसणार आहेस? इथेच, या टेबलामागे?"

मुलगी दोरा ओवत राहिली.

आज रांगेत तो एकच व्हिडिओ उरला होता. तो पानावर गेला असता, तर वडिलांच्या तोंडून सगळ्या गिऱ्हाइकांना शब्द दिला गेला असता. मग तो मोडायला तिची जीभ रेटली नसती. सकाळी शटर अर्धंच उघडून ती आत आली. तिने तो व्हिडिओ रांगेतून काढला. पुसला नाही, माझ्या पोटात जपून ठेवला. मग उत्तरं देणारा ॲड-ऑनही बंद केला. किती दिवसांनी मी शांत झालो!

मित्रांनो, आम्हा यंत्रांना एकदा सांगितलं की आम्ही तेच करत राहतो. पुरे कधी, हे माणसानेच ठरवायचं असतं. आम्हाला वेळेवर विसावा द्या. आणि घरातल्या माणसाला काही सांगायचं असेल, तर ते समोर बसलेलं असतानाच सांगा. पडद्यावरचा माणूस बोलतो खूप, पण त्याला ऐकू येत नाही.

हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी तिने स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसली आणि रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाली, "बाबा, मला हे दुकान नकोय. तेव्हाही नको होतं. मी फक्त तुमच्यासाठी आले होते."