दारामागच्या बारा चिठ्ठ्या

गेल्या वर्षीच्या गणपतीत मी सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या हॉलमध्ये बायकांच्या टॉयलेटच्या दारामागे एक पोस्टर लावलं होतं. खालच्या कडेला कात्रीने कापलेल्या बारा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर हेल्पलाइनचा नंबर. हवी तिने एक फाडून न्यावी, कुणाला कळू नये. संध्याकाळी बाराच्या बारा शिल्लक.

प्रयोगशाळेत असा निकाल आला की मी पद्धत बदलते. म्हणून या वर्षी, २०१७ साली, कागद मोठा घेतला, नंबर ठळक केला. आरतीला चाळीस मिनिटं उरली होती आणि एकही चिठ्ठी हलली नव्हती.

"अगं अनघा, गणपतीत हे कशाला?" मंडळाचे शामकांतकाका म्हणाले. "लोक मोदक खायला येतात."

"म्हणून तर, काका. एरवी सगळ्याजणी एका जागी सापडतात कुठे?"

तेवढ्यात रत्नाताई टॉयलेटमधून बाहेर आल्या. त्यांचे यजमान जहाजावर असतात आणि मंडळाचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात.

"पोस्टरवरचं ते वाक्य कुणी लिहिलं गं?"

"मी."

'अब्रूवर घाला पडला असेल तर गप्प राहू नका.' मला ते भारदस्त वाटलं होतं.

"चुकलंय," पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. "माझी अब्रू आहे की माझ्यापाशी. गेली असेल तर ज्याने केलं त्याची."

दोन वर्षं मी कागदाचा आकार तपासत होते. चूक शब्दात होती!

काकांनीही ऐकलं होतं. ते झटकन वळले आणि कार्डबोर्ड नि जाड मार्कर घेऊनच आले. मंडळाचे सगळे फलक त्यांच्याच अक्षरात असतात.

"बोल लवकर. काय लिहू?"

"कुणी तुमच्यावर जबरदस्ती केली असेल, तर चूक त्याची आहे. बोलावंसं वाटलं तर हा नंबर."

"'त्याची'खाली रेघ मारू?"

"दोन मारा," रत्नाताई म्हणाल्या.

मी खालच्या कडेला पुन्हा बारा चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर नंबर लिहिला.

नवं पोस्टर दारामागे चिकटवलं. रत्नाताईंनी लगेच एक चिठ्ठी फाडली.

"पहिली फाडायला कुणी धजत नाही. आणि ही माझीच आहे. वीस वर्षं उशीर झालाय, पण करते फोन."

बाहेर झांजा वाजू लागल्या. आरतीत माझं एकही कडवं धड झालं नाही. प्रसाद वाटायला सुरुवात होताच मी धावत टॉयलेटमध्ये गेले.

अकरा असायला हव्या होत्या. मोजल्या. बोट लावून पुन्हा मोजल्या. नऊ!

रत्नाताई मोदकांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. गर्दीतून काही बोलता येईना. मी दोन बोटं उंच केली.